फोनवरून आलेला नैवेद्य



चातुर्मासात लाखनीस आमचे सायंकाळचे निरूपण चालते. रोवणीचे दिवस असले म्हणजे श्रोतेवर्ग उशिरा जमतो. बायाबापड्या दिवसभर बांधीत वाकून आलेल्या असतात. हातपाय धुतलेले असतात, पण नखांतला चिखल गेलेला नसतो, आणि तशाच त्या पदर सावरून देवळात बसतात. गेल्या आषाढाच्या शेवटी एके दिवशी आरती झाल्यावर एक बाई उठून म्हणाली, "महाराज, एक पुसू का जी? फोनवरून बोलावलेल्या मिठाईचा नैवेद्य देवाले चालते का?" देवळात हशा पिकला. बाई वरमली आणि खाली बसली.

मागून कळले ते असे. तिचा मुलगा पुण्यास कारखान्यात आहे. आखाडीला त्याचे येणे झाले नाही, म्हणून त्याने तिकडे बसल्या बसल्या फोनमधून मिठाईचा डबा आईच्या नावे पाठविला. डबा चांगला, वर सोनेरी फीत. पण तीन दिवस तो फळीवर तसाच राहिला. कोणी केली, कशात केली, तुपात की आणखी कशात, काही ठाऊक नाही. तर देवाला दाखवावी कशी? आणि देवाला दाखविल्यावाचून माळकरणीने खावी कशी? मुलगा रोज विचारी, "माय, कशी लागली?" आणि ही रोज सांगे, "गोड लागली, बाबू." त्या डब्यापायी तिला पोटच्या पोराशी रोज खोटे बोलावे लागत होते, ही तिची खरी टोचणी. हसणाऱ्यांना ती दिसली नाही. म्हणून आजचे निरूपण त्या डब्यावर.

आमच्या मंडळींपैकी काहीजण असा विषय निघाला की 'कलियुग' एवढा एकच शब्द उच्चारून मोकळे होतात. मला ते पटत नाही. घरबसल्या वस्तू मागविणे हे आजचे नाही. टपालखात्याची व्ही. पी. आपल्या देशात १८७७ साली सुरू झाली. पोस्टमनने पुडके आणावे, पैसे मोजावे, पुडके सोडवावे. आमच्या पाठशाळेत निम्मे ग्रंथ व्ही. पी.नेच येत, आणि पुडक्याचा दोरा सोडताना गुरुजींच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे तो आजच्या पोरांच्या आनंदाहून निराळा नव्हता. आता वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याची जी सोय आहे, ती त्याच व्ही. पी.ची नात समजा.

आणखी एक मौज ऐका. दारी जी पेटी येते, तिच्यावर सहा आकडी पिन क्रमांक असतो. पहिला आकडा देशाच्या विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाटणीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन त्या त्या टपालकचेरीचे. आपल्या विदर्भाचा क्रमांक ४४ ने सुरू होतो. ही रचना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अंमलात आली आणि ती बसविणारे गृहस्थ होते श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्राच्या दळणवळण खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे नामांकित कवी. ज्याने आयुष्यभर वृत्तांची अक्षरे मोजली, त्याने देशातली गावे मोजून दिली! तेव्हा व्याकरण शिकलेल्या माणसाचा व्यवहारात काय उपयोग, असे कोणी विचारले तर त्यास त्या पेटीवरचा क्रमांक दाखवावा. असो.

ज्या घरी म्हातारा अंथरुणाला खिळलेला आहे, त्या घरच्या सुनेला बाजारात चारचौघांत मागण्याची लाज वाटेल अशा वस्तू आता मुकाट्याने दारी येतात. मुलीला हवे असलेले पुस्तक नागपूरला खेपा न घालता मिळते. ही सोय वाईट म्हणणारा मी कोण? सोयीत दोष नाही. दोष कुठे शिरतो ते पाहावयाचे आहे.

'अन्न' हा शब्द 'अद्' म्हणजे खाणे या धातूपासून झाला. पण तैत्तिरीय उपनिषदाने त्याची फोड दुहेरी केली आहे. प्राण्यांकडून जे खाल्ले जाते ते अन्न, आणि प्राण्यांना जे खाते तेही अन्न. लहानपणी पाठ करताना हा दुसरा अर्थ आम्हांला केवळ शब्दांचा खेळ वाटे. आता रात्री अकरा वाजता घरोघर अंधारात उजळलेले चेहरे पाहिले म्हणजे ऋषींनी काय पाहिले होते ते कळते. पोट भरलेले आहे, कपाट भरलेले आहे, आणि बोट वर वर सरकते आहे. कोण कोणास खाते आहे? आणि त्या पडद्यावर लिहिलेले असते, 'फक्त दोनच शिल्लक', 'दहा मिनिटांत भाव वाढेल'. उद्या पाहावे तर पुन्हा दोनच शिल्लक! केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या युक्त्यांवर मार्गदर्शक नियम काढले आणि तेरा प्रकार नावानिशी सांगितले. खोटी निकड हा त्यातला पहिला. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत सरकविणे हा आणखी एक. 'नको' म्हणणाऱ्यास लाजविणे हाही एक. शास्त्रकारांनी षड्रिपू सहाच सांगितले होते. सरकारला तेरा मोजावे लागले. मात्र या तेरांपैकी प्रत्येकाला आत घेण्यासाठी सहांपैकी लोभ दार उघडून उभा असतो, हे सरकारच्या अधिसूचनेत कुठे आलेले नाही, आणि येणारही नाही; ते काम आमचे.

आता खाण्याच्या नव्या तऱ्हा. आमच्या नातवाने मला फोनवर दाखविले: पाणीपुरीत आइस्क्रीम घालतात, क्रीमच्या बिस्किटांची भजी तळतात, तर्री-पोह्यांवर चीज किसतात. मी पोटभर हसलो. जिभेचे कौतुक आहे. कोणी केले, कोणी खाल्ले, विसरून गेले. त्यावर आवाज चढविण्याचे कारण नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्या एका तऱ्हेची, कारण तिच्यात आपलीच वस्तू आपल्याला परकी होऊन भेटते.

शेवग्याचे झाड कोणाच्या वाडीत नाही? त्याच्या पाल्याची भाजी आजीने केली तर नातसून नाक मुरडते. तोच पाला वाळवून, दळून, पुडीत भरून 'मोरिंगा' म्हणून आला की सकाळी कोमट पाण्यातून घेतला जातो. मूळ शब्द तमिळ 'मुरुंगै'. तो साऱ्या जगाला वळसा घालून आला आणि येताना किंमत घेऊन आला. कोदोचेही तसेच. संस्कृतात यास कोद्रव म्हणतात. भर्तृहरीने मूर्खाचे वर्णन करताना म्हटले आहे की हा कापराची झाडे तोडून कोदोच्या शेताला कुंपण घालतो. म्हणजे कोदो इतके क्षुद्र धान्य! संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, त्यात कोदोलाही मान मिळाला, आणि सुबक पाकिटातला कोदो आता शहरातले लोक फोनवरून मागवितात. आज भर्तृहरी असता तर कुंपणाचा विचार त्याला पुन्हा करावा लागला असता.

रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवावे आणि सकाळी मीठ घालून तो खाऊन रोवणीला जावे, ही आपल्याकडच्या कष्टकऱ्यांची जुनी न्याहारी. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे अन्न तामस म्हटले आहे, हे मला ठाऊक आहे, आणि पंडित मला ते ऐकवतील हेही ठाऊक आहे. पण भर उन्हात काम करणाऱ्या बाईला जो भात थंडावा देतो, तिच्यात आळस वाढवीत नाही, उलट तिच्याकडून दिवसभर काम करवून घेतो, त्याला तामस म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. शेजारच्या छत्तीसगडात यास बोरे-बासी म्हणतात. २०२२ च्या १ मे रोजी तेथील मुख्यमंत्र्यांनी कामगारांच्या सन्मानार्थ सर्वांनी बोरे-बासी खावी असे आवाहन केले. मंत्री, अधिकारी सारे खावयास बसले, छायाचित्रे निघाली. चांगले झाले. परंतु आपल्या घरात पाहा. जी सासू तो भात खाताना पाहुणा आला की ताटली पदराआड करीत होती, तिला अजून कोणी 'माय, मलाही दे' म्हणालेले नाही. फोनमध्ये पाहिले तेव्हा मात्र तो भात पोटाला हितकर झाला.

पळसाच्या पत्रावळीची कथा वेगळी काय आहे? लग्नकार्यात आपण त्या सोडल्या आणि थर्माकोलची ताटे आणली. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने थर्माकोलवर बंदी घातली तेव्हा ताटे गेली, पण तोवर पत्रावळी टाचणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात थकले होते. तिकडे जर्मनीत एका मंडळीने पानांची ताटे यंत्रावर करून विकली, ते चित्र आपल्या पोरांनी एकमेकांस कौतुकाने पाठविले.

यावरून कोणी म्हणेल, महाराज जुन्याचे भक्त. तसे नव्हे. एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी खातो. साबुदाणा होतो ज्या कंदापासून, तो दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे येतो मुख्यतः तमिळनाडूतील सेलमहून. तिच्यातला शेंगदाणा अमेरिका खंडातला, मिरची तिकडची, आणि बटाटा तर पोर्तुगीजांचे नावही बरोबर घेऊन आला. माउलींनी १२९६ साली समाधी घेतली. त्या काळी आळंदीत यातली एकही वस्तू नव्हती. म्हणजे आपली उपवासाची सनातन थाळी ही एके काळची परदेशी तऱ्हाच! भिवापूरच्या मिरचीला आज भौगोलिक मानांकन आहे. तिचे पणजोबा समुद्रापलीकडचे. तेव्हा नवी वस्तू घरात आली म्हणून धर्म बुडत नाही. पण चिन्नोर, हिरानक्की, लुचई ही तांदळांची नावे ज्या घरातल्या मुलांना येत नाहीत आणि ज्यांच्या ढोलीत धान आहे, त्या घरात काहीतरी हरवले आहे. मुलांना पुडीवरचा छाप वाचता येतो, आजीचा हात वाचता येत नाही.

'हात' हा शब्द मी मुद्दाम घेतला. पुडीत आणि घासात जो फरक आहे तो इथे आहे. यासाठी मांड्यांची कथा आठवावी. ती तुम्हांला पाठ आहे, तरी आजच्या डोळ्यांनी पुन्हा पाहू.

निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली. संन्याशाची पोरे, गावाने वाळीत टाकलेली. घरात पीठ कसेबसे जमले, पण मांडे भाजावयास खापर नाही. मुक्ताबाई कुंभारवाड्यात गेली. गावात विसोबांचा दरारा. त्यांनी कुंभारांना दम भरला होता की या पोरांना भांडे द्याल तर याद राखा. मुक्ताई हात हलवीत, डोळे पुसत परतली. आज असे झाले असते तर? फोन काढला असता, खापर मागविले असते, परवा दारी आले असते; विसोबाला कोणी विचारले नसते. हा लाभ मोठा आहे. ज्याला गावातल्या दुकानाची पायरी चढू देत नाहीत, त्याला फोनमधले दुकान जात विचारीत नाही. चोखोबांच्या लेकरांनी ही गोष्ट माझ्याजवळ बोलून दाखविली आहे, आणि मी ती मान खाली घालून ऐकली आहे.

पण कथा तेथे थांबत नाही. ज्ञानदेव म्हणाले, रडू नकोस; योगबळाने जठराग्नी चेतविला, पाठ तव्यासारखी तापली, आणि बहिणीने भावाच्या पाठीवर मांडे भाजले. कथेतला चमत्कार घटकाभर बाजूला ठेवा. थोरल्या भावाची इच्छा पुरी व्हावी म्हणून धाकट्याने आपल्या अंगाची ऊब दिली, आणि लहानग्या बहिणीने पोळणाऱ्या हातांनी ती वापरली. ते मांडे विकत कुठे मिळतील? आपल्या नागपूर भागात उपड्या मडक्यावर लांब रोट्या करतात. बायका सैल कणीक दोन्ही हातांवर लांबवीत नेतात आणि मडक्यावर टाकतात, मडक्याच्या आचेने कोपरापर्यंत चटके बसतात. आता त्या रोट्यांची चित्रे फोनवर लाखो लोक पाहतात आणि पुडक्यांतूनही त्या घरपोच येतात. जरूर खाव्या. खाताना त्या कोपरांची आठवण व्हावी, इतकेच माझे मागणे. आणि विसोबा? आड लपून पाहणाऱ्या त्या माणसाला एवढा पश्चात्ताप झाला की धावत येऊन त्याने त्या पोरांचे उष्टे खाल्ले. पुढे हेच विसोबा खेचर नामदेवरायांचे गुरू झाले. बाजार अडविणारा माणूस एका घासाने बदलला!

आता त्या बाईचा प्रश्न. नामदेवराय लहान असताना देवळात नैवेद्य घेऊन गेले आणि देवाने तो खाल्ला. तो नैवेद्य नामदेवांनी शिजविला होता काय? नाही. शिजविला गोणाईने. पोर नुसते ताट घेऊन गेले. आजच्या भाषेत घरपोच देणारे पोर! फरक इतकाच की ते ताट ठेवून परत फिरले नाही. देव जेवतो की नाही ते पाहत उभे राहिले, रडले, डोके आपटू लागले. मग मिठाई दुसऱ्याच्या हातची आहे म्हणून ती नैवेद्याला अपात्र कशी? मी त्या बाईस सांगितले, माय, डबा उलटून पाहा. हिरवा ठिपका आहे का ते पाहा, कशाची केली ते नातवाकडून वाचून घे. माळकऱ्याचा नेम तू सोडू नकोस. हिरव्या ठिपक्याने कांदा-लसूण कळत नाही, ते निराळे वाचावे लागते. नेमात बसत असेल तर तुळशीपत्र ठेव आणि मुलाचे नाव घेऊन पांडुरंगापुढे मांड. त्याने फोनवर पैसे धाडले ते रात्रपाळीच्या घामाचे आहेत. त्या डब्यात त्याचा हात आहे. आणि नेमात बसत नसेल तर शेजारच्या लेकरांना वाट आणि मुलाला तसे सांग. "कशी लागली" म्हणून तो विचारतो ते मिठाईबद्दल नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मात्र मी तुम्हांला सोडणार नाही. पहिली उधारीची. २०२० च्या मार्चअखेर देश बंद झाला. त्या वर्षी वारीसुद्धा पायी निघाली नाही. तेव्हा पेट्या यावयाच्या थांबल्या. घरोघर मीठमिरची कोणी पुरविली? गल्लीतल्या किराणावाल्याने, आणि वहीवर लिहून पुरविली. आता हाती पैसा आला की आपण रोखीचे सामान फोनवरून बोलावतो, आणि महिनाअखेर हात आखडला की त्याच किराणावाल्याच्या पायरीवर उभे राहतो. उधारीला शेठ आणि रोखीला फोन! तो बिचारा बोलत नाही. त्याच्या वहीत तुमचे नाव आहे म्हणून बोलत नाही असे नव्हे. तुम्ही उद्या येणारच नाही, या भीतीने बोलत नाही. ज्याने अडीअडचणीला दिले, त्याच्याकडे रोखीची निम्मी खरेदी गेली पाहिजे. निम्मी मी सवलतीने म्हणतो.

दुसरी गोष्ट बोलताना संकोच वाटतो. लग्नाला नवी पैठणी मागवायची, नेसून मिरवायचे, छायाचित्रे काढायची, आणि आठवड्याच्या आत घडी घालून 'पसंत नाही' म्हणून परत धाडायची. ही चतुराई कोणी कोणास शिकविली कोण जाणे, पण गळ्यात माळ असणाऱ्यांच्या घरीही शिरली आहे. योगशास्त्रात याला स्तेय म्हणतात, मराठीत चोरी. "एवढ्या मोठ्या कंपनीचे काय जाते?" असे म्हणू नका. ती साडी ज्या लहान विणकराकडून वा दुकानदाराकडून आली असेल, परतीचा फटका शेवटी त्याच्या अंगावर पडू शकतो. आणि नाही पडला तरी परत कागदावर 'पसंत नाही' हे खोटे तुमच्याच बोटाने लिहिले जाते. सदोष वस्तू आली तर अवश्य परत करावी. न ऐकले तर १९१५ या ग्राहक क्रमांकावर तक्रार करावी, तो हक्क आहे. नेसलेली साडी परत करणे हा हक्क नाही.

राहता राहिले ते पेटी आणणारे पोर. नागपूर–रायपूर रस्त्याने गाडीवर पाठीएवढी पिशवी बांधून ते येते. कुणाचा तरी शिकलेला, नोकरी न लागलेला मुलगा. मे महिन्यात आपल्याकडे ऊन कसे असते ते मी लाखनीकरांस काय सांगावे! ते दारात उभे असते आणि आपली नजर पेटीवर असते. कित्येक घरी त्याच्या तोंडाकडे पाहिले जात नाही. आकडे सांगितले, पेटी घेतली, दार लावले. काशीहून गंगेची कावड घेऊन एकनाथ महाराज रामेश्वराकडे निघाले होते, ती गोष्ट अशा वेळी डोळ्यांपुढे येते. वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी कावडीचे झाकण काढले आणि गंगा त्याच्या तोंडात ओतली. इतक्या दुरून आणलेले पाणी, ठरलेला पत्ता रामेश्वराचा, आणि दिले वाटेवरच्या जनावराला! बरोबरची मंडळी हळहळली. नाथ म्हणाले, रामेश्वर येथेच भेटला.

दारी पेटी आली तर आधी तांब्या बाहेर न्यावा. पेटी मागून उघडली तरी आतली वस्तू कुठे जात नाही.

त्या बाईच्या डब्याला हिरवा ठिपका होता, नातवाने वाचूनही दाखविले. पेढे होते. चौथ्या दिवशी तिने पांडुरंगापुढे ठेवले आणि उरलेले निरूपणाला घेऊन आली. हसणाऱ्यांनाही एकेक मिळाला. मुलगा तीन महिन्यांनी, कार्तिकीच्या सुमारास सुटी काढून येणार आहे. त्याच्यासाठी काय करावे, असे ती विचारीत होती. तेवढ्यात शेजारणीने परस्पर सांगून टाकले की पातोड्यांचा रस्सा कर, आणि मग दोघींचा बेसन किती घ्यावे यावर वाद सुरू झाला, तो मी पुढे ऐकला नाही. रामकृष्णहरि.